टक्कर गृहीत धरणारे जाळे

घरच्या संगणकाचे वाय-फाय अडखळले की यंत्र बिघडले असे आपण समजतो. पण अनेकदा कारण वेगळेच असते : एकाच वारंवारतेवर अनेकजण एकदम 'बोलत' असतात. ही अडचण बिनतारी जाळ्याइतकीच जुनी आहे.

१९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन व सहकाऱ्यांनी 'अलोहानेट' सुरू केले. दूरची टर्मिनल्स रेडिओलहरींनी मुख्य संगणकाशी जोडली गेली. संदेश पाठवण्याची वारंवारता सर्वांना एकच; दोन संदेश एकदम निघाले की दोन्ही बिघडत. उपाय साधा होता : पोच आली नाही तर थोडे थांबून पुन्हा पाठवायचे. दोघे सारखेच थांबले तर पुन्हा टक्कर होईल, म्हणून थांबण्याचा काळ प्रत्येकाने चिठ्ठी उचलावी तसा ठरवायचा. मात्र या पद्धतीत वाहिनीची फार तर १८ टक्के क्षमता उपयोगी पडते, हेही गणिताने दिसले.

१९९७ च्या वाय-फाय मानकात 'आधी ऐका, मग बोला' हा नियमही आहे. पण २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच पट्ट्यात चालणारी मायक्रोवेव्ह भट्टी कोणाचे ऐकत नाही! म्हणून राउटर तिच्यापासून दूर ठेवावा, शेजारी गर्दी असल्यास वाहिनी बदलावी.

वर्गात सर्व मुलांना एकदम नाव सांगायला लावा. काहीच कळणार नाही. मग नियम मुलांनाच शोधू द्या.