तिजोरी, संगणक आणि एक पत्रक

आज बोलायचंय फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेबद्दल, पण सुरुवात करू प्रभादेवीपासून, म्हणजे दादर आणि परळच्या मधून. १३ फेब्रुवारी २०२५ ला रिझर्व्ह बँकेचं पत्रक निघालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या शाखांबाहेर माणसं जमली. पैसे काढायला बंदी. ही बँक १९६८ साली जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने ‘बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक’ म्हणून निघालेली, म्हणजे मूळची कामगारांची.

पत्रकाने दोन गोष्टी सांगितल्या : परवाना रद्द झालेला नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे. दोन्ही खऱ्या. पण दारात उभ्या माणसाचा प्रश्न तिसराच होता : माझे पैसे कधी मिळणार?

आता त्या विम्याच्या ओळीचा इतिहास बघा. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा आला, तो १,५०० रुपयांचा. सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली आल्या १ मार्च १९६६ ला, आणि त्यांच्या ठेवींना विमा मिळाला १९७१ पासून. १९९३ मध्ये मर्यादा १ लाख झाली. ती ५ लाख व्हायला २०२० उजाडलं. त्याआधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, पीएमसी बँकेचे खातेदार रस्त्यावर आले होते. म्हणजे पत्रकातल्या एका ओळीमागे किती जणांची झोप उडालेली आहे, ते लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट यंत्रांची. ‘बँकेत चिकटला’ म्हणजे पोरगा मार्गी लागला, असं मानणारी गिरगाव-दादरची घरं आपण पाहिली आहेत. त्यामुळे संगणक येणार म्हटल्यावर नोकरीची धास्ती स्वाभाविक होती. १९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. पुढच्याच वर्षी सी. रंगराजन समितीने संगणकीकरणाची दिशा आखली. २००४ मध्ये आरटीजीएस आलं. मोठ्या रकमेची हुंडी जायला पूर्वी दिवस लागायचे, ते काम मिनिटांवर आलं.

आणि तरीही प्रभादेवीत घोळ कसा उघड झाला? रिझर्व्ह बँकेच्या तपासणी अधिकाऱ्यांनी तिजोरीतली रोकड प्रत्यक्ष मोजली तेव्हा! हिशेबात होती, तिजोरीत नव्हती. पोलिसांत तक्रार झाली ती १२२ कोटींची. संगणकाला आपण जे सांगतो तेवढंच त्याला कळतं. नोटा मोजायला माणूसच लागतो, आणि तो वेळेवर लागतो. देखरेख करणाऱ्या संस्थेकडे पुरेशी माणसं हवीत, असं आपण म्हणतो ते याचसाठी.

पुढे काय झालं? संचालक मंडळ १२ महिन्यांसाठी बरखास्त करून प्रशासक नेमला. २७ फेब्रुवारीपासून प्रत्येक खातेदाराला २५,००० रुपये काढायची मुभा मिळाली. निम्म्याहून अधिक ठेवीदारांची पूर्ण रक्कम त्यातच मोकळी होणार होती. ४ ऑगस्ट २०२५ ला बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. सारस्वत म्हणजे १९१८ साली गिरगावात सुरू झालेली पेढी! मुंबईच्या एका सहकारी बँकेला दुसरीने पदरात घेतलं.

शेवट गोड झाला म्हणून पहिले १४ दिवस विसरू नका. ज्याच्या घरात आजारी माणूस होतं, त्याला ते दिवस वर्षासारखे गेले असणार. २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यात एक तारीख आली आहे : अशी बंदी आली की विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळायला हवी. माझं म्हणणं इतकंच, की पत्रक निघेल त्याच संध्याकाळी ही तारीख शाखेच्या दारावर लागावी. मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि सगळ्यात वरच्या ओळीत. ‘परवाना रद्द नाही’ हे कायद्याचं उत्तर झालं. दारातल्या माणसाला तारीख हवी असते.