नगरचा नगरपाल

काही लोकांच्या अंगात देवी येते, काहींच्या अंगात पुढारी येतो. माझ्या अंगात काउबॉय येतो. वास्तविक घोड्याशी माझा संबंध आला तो स्टेशनपासून घरापर्यंत टांग्यात बसण्यापुरता, आणि तोही मागच्या बाजूला, म्हणजे घोड्याकडे पाठ करून. पण पँटच्या पट्ट्यात दोन्ही अंगठे खोचून, डोळे बारीक करून सावेडीच्या नाक्यावर भाजीवाल्याकडे बघत उभं राहण्याची सवय मला जडली ती जडलीच. त्यामुळे भाजी स्वस्त मिळाल्याचा अनुभव मात्र नाही.

या रोगाची लागण रविवार सकाळच्या खेळात झाली. नगरात लष्कराचा मोठा तळ. गोरा साहेब गेला, पण इंग्रजी चित्रपट मागे ठेवून गेला. आम्हां पोरांचं इंग्रजी तर्खडकरांच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. पण काउबॉयच्या चित्रपटाचं बरं असतं. नायक बोलत नाही, खलनायक थुंकतो, आणि बंदूक कुठल्याही माध्यमाच्या शाळेतल्या मुलाला समजते. शिवाय मुलूख ओळखीचा वाटायचा. सावेडी म्हणजे तेव्हा मनमाड रस्त्याच्या कडेचं माळरान. पावसाने वर्षानुवर्षं ओवाळून टाकलेला जिल्हा, वर आभाळ, खाली धूळ, मध्ये बाभळी आणि फड्या निवडुंग. हा निवडुंग मूळचा अमेरिकेचाच, हे पुढे कुठेतरी वाचलं तेव्हा मला नातेवाईक सापडल्यासारखा आनंद झाला.

आता नटांबद्दल. या विषयावर मी कॉलनीत इतक्यांदा बोललो आहे की लोक मला बघून रस्ता ओलांडतात. तुम्हांला ती सोय नाही.

जॉन वेन हे त्याचं खरं नाव नव्हे. पाळण्यातलं नाव मॅरियन, आडनाव मॉरिसन. मॅरियन नावाचा माणूस घोड्यावर बसला तर घोडा हसेल, म्हणून बदललं असावं. १९३९ सालच्या ‘स्टेजकोच’ने तो वर आला आणि पुढे चाळीसेक वर्षं एकाच चालीने चालत राहिला, एक खांदा पुढे, बाकीचा वेन मागून. तो अभिनय करत नाही असं म्हणणाऱ्यांनी १९५६ सालचा ‘द सर्चर्स’ पाहावा. शेवटी सगळे घरात जातात, हा दाराबाहेर एकटा उभा राहतो, वळतो आणि दार लागतं. त्या पाठमोऱ्या माणसाने मला जेवढं रडवलं, तेवढं आमच्या हिंदी चित्रपटातल्या तीन आयांनी मिळून रडवलं नाही. जेम्स स्ट्युअर्ट पाहिला की याचं रेशनकार्ड हरवलं आहे असं वाटतं. त्याला दोन रुपये उसने द्यावेसे वाटतात. ग्रेगरी पेक ‘मॅकेनाज गोल्ड’मध्ये सोन्याच्या मागे निघाला तरी वकीलच दिसतो.

क्लिंट ईस्टवुडबद्दल मात्र घरात मतभेद आहेत. आमच्या हिच्या मते, घोंगडी पांघरून, दाढी न करता, दातांत विडी धरून न बोलता बसणारा माणूस बघायला थिएटरात जायची गरज नाही. तिच्या माहेरी असे तीन आहेत. मी तिला सांगतो की त्या घोंगडीमागे अख्ख्या जगाचा इतिहास आहे. १९६४ सालच्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’चा दिग्दर्शक सर्जिओ लिओने हा इटलीचा, चित्रीकरण स्पेनमधलं, आणि गोष्ट जपानच्या कुरोसावाच्या ‘योजिम्बो’वरून उचललेली. त्याच कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ अमेरिकेत जाऊन १९६० साली ‘मॅग्निफिसंट सेव्हन’ झाला, आणि पुढे आपल्याकडे येऊन १९७५ साली बंगलोरजवळच्या रामनगरच्या खडकांत ‘शोले’ झाला. त्यात विजू खोट्यांच्या रूपाने मराठी माणसाला घोडाही मिळाला. आणि मराठी माणूस शिरस्त्याप्रमाणे इमानेइतबारे नोकरी करून, खाल्ल्या मिठाला जागून, साहेबाच्याच हातून गेला.

पण हे सगळे चित्रपट एका पारड्यात आणि ‘हाय नून’ दुसऱ्यात. साल १९५२. गॅरी कूपर हा गावचा मार्शल. त्याने नोकरी सोडली आहे, नुकतंच लग्न लागलं आहे, आणि तेवढ्यात कळतं की त्याने तुरुंगात धाडलेला गुंड सुटून बाराच्या गाडीने परत येतो आहे. गुंडाचे तीन साथीदार स्टेशनवर वाट बघत बसलेत. (त्यांतला एक ली व्हॅन क्लीफ. त्याचा पहिलाच चित्रपट, आणि तोंडी एक शब्द नाही. काही माणसांना नुसत्या नाकावर पगार मिळतो.) गोष्ट साधारण पावणेअकराला सुरू होते आणि चित्रपटही जवळजवळ तेवढाच वेळ चालतो, भिंतीवरची घड्याळं पुढे सरकत राहतात. आपल्याकडे हा चित्रपट निघणं शक्यच नव्हतं. गुंड क्रॉसिंगला अडकला असता आणि मार्शल जेवून, वामकुक्षी करून मग स्टेशनवर गेला असता.

त्या सव्वा-दीड तासात कूपर काय करतो? दारोदार हिंडून चार माणसं मागतो. बस्स. न्यायाधीश सामान बांधून निघतो. चर्चमध्ये तर चक्क सर्वसाधारण सभा भरते, सगळे त्याची स्तुती करतात आणि शेवटी तूच गाव सोड म्हणतात. कूपर तेव्हा पन्नाशीचा, पोटात अल्सर, पाठ धरलेली. चेहऱ्यावरची ती वेदना निम्मी खरी होती म्हणतात. आणि मग तो प्रसंग. एका जुन्या दोस्ताच्या घरी तो जातो. दोस्त खिडकीतून त्याला येताना बघतो आणि बायकोला सांगतो, मी घरी नाही म्हणून सांग. बायको दारात जाऊन तसं सांगते. तिला खोटं बोलता येत नाही, कूपरला कळतं, आणि तो निघून जातो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा या जागी मी त्या दोस्ताला थिएटरात मोठ्याने एक अस्सल नगरी शिवी हासडली होती.

यामागेही गोष्ट आहे. पटकथा लिहिणारा कार्ल फोरमन. चित्रीकरण चालू असतानाच, १९५१ साली, त्याला अमेरिकन संसदेच्या समितीपुढे उभं केलं. तुमच्यातले कम्युनिस्ट कोण, नावं सांगा. त्याने नावं दिली नाहीत. मग एकेका मित्राची दारं लागली, काळ्या यादीत नाव गेलं, आणि गडी इंग्लंडला निघून गेला. म्हणजे पडद्यावरचं ते गाव हॉलिवूडच होतं! फोरमनला देशाबाहेर घालवल्याचा अभिमान उघडपणे मिरवणाऱ्यांत एक होता आमचा जॉन वेन. आणि गंमत बघा. कूपरला या चित्रपटाबद्दल ऑस्कर मिळालं तेव्हा तो समारंभाला हजर नव्हता. त्याच्या वतीने बाहुली घ्यायला गेला कोण, तर जॉन वेन! वर, ही भूमिका मला का मिळाली नाही याचा जाब मी माझ्या लोकांना विचारणार आहे, असं म्हणाला. नंतर मात्र याच चित्रपटाला त्याने अमेरिकेच्या विरोधी ठरवलं, आणि हॉवर्ड हॉक्ससोबत १९५९ साली ‘रिओ ब्राव्हो’ काढून उत्तर दिलं. हॉक्सचं म्हणणं, खरा शेरीफ लोकांपुढे हात पसरत नाही. ‘रिओ ब्राव्हो’ झकासच आहे; डीन मार्टिनचा दारुडा मी कधीही बघेन. पण हॉक्ससाहेबांनी कधी दारोदार फिरून कागदावर सह्या मागितल्या नसाव्यात.

कागदाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. ऐंशीच्या दशकात आमच्या कॉलनीच्या कोजागरीला मसाला दूध उकळेपर्यंत मला बोलायला उभं केलं. मी अर्थातच ‘हाय नून’ सांगितला. साभिनय. मित्र झालो, मित्राची बायको झालो, बारा वाजल्याचे टोलेही दिले. शेरीफला मराठीत नगरपाल म्हणतात (मुंबईला असतो एक, त्याच्याकडे बंदूक नसते, हार असतात), त्यामुळे त्या रात्रीपासून कॉलनीने मला ‘नगरचा नगरपाल’ ही पदवी दिली. २०२४ साली नगरचं अहिल्यानगर झालं, तरी जुने लोक पदवीत बदल करायला तयार नाहीत.

त्यानंतर महिनाभरातच कॉलनीच्या नकाशात बागेसाठी सोडलेल्या प्लॉटवर सकाळी विटांचा ट्रक रिकामा झाला आणि संध्याकाळी पत्र्याची शेड उभी राहिली. शेड कोणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्यामुळेच कोणी नाव घेत नव्हतं. मी आजही घेत नाही.

आमच्या ओळीत एक सर राहत. गणिताचे, निवृत्त, अंगाने काडी, हिवाळ्यात दमा. रविवारी सकाळी मी खिडकीतून पाहिलं, तर सर हातात फुलस्केप कागद घेऊन आमच्या फाटकाशी सायकल लावत होते. अर्ज असणार, हे मला उमगलं. मी स्वयंपाकघरात गेलो आणि हिला हाताने नुसती खूण केली. वाक्यही बोललो नाही. एवढा मी काउबॉय.

“ते घरी नाहीत,” ही म्हणाली.

“असं होय,” सरांचा आवाज आला. “कोजागरीला ती मार्शलची गोष्ट सांगितली ना त्यांनी, म्हटलं पहिली सही त्यांचीच घ्यावी. बरं, आले की सांगा, वहिनी.”

मग थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. दाराबाहेर माझ्या चपला होत्या. दोन्ही.

त्या अर्जावर शेवटी एकच सही झाली, सरांची. अडीच वर्षं ते सायकलवरून कचेऱ्यांत खेपा घालत होते. कूपरच्या मदतीला निदान बायको आली, तिने एक गुंड लोळवला; सरांच्या पत्नी आधीच वारलेल्या. अखेर शेड हलली. तिथे दोन बाकं आणि चार अशोकाची झाडं आली, त्या दिवशी सरांनी स्वतःच्या पैशांनी पेढे वाटले. मी सगळ्यांच्या मागे उभा होतो, अंगठे पट्ट्यात नव्हते. सर माझ्यापर्यंत आले, पेढा हातावर ठेवला आणि म्हणाले, “त्या रविवारी तुम्ही बाहेरगावी गेला होतात, नाही का?”

“हो,” मी म्हटलं.

“तेच म्हटलं मी,” म्हणाले आणि पुढच्याला पेढा द्यायला गेले.

पुढे वाचनात आलं की १९८९ च्या जूनमध्ये पोलंडमध्ये निवडणूक झाली, तेव्हा सॉलिडॅरिटीच्या लोकांनी भिंतीवर ‘हाय नून’मधल्या गॅरी कूपरचं चित्र लावलं होतं. छातीवर सॉलिडॅरिटीचा बिल्ला, आणि हातात पिस्तुलाच्या जागी मतपत्रिका. कागद हातात घेतलेला कूपर! मी ते चित्र सरांना दाखवायला म्हणून जपून ठेवलं होतं. दाखवायचं राहिलं, आता सर नाहीत.

‘हाय नून’ अजून अधूनमधून घरी लावतो. ही शेजारी बसून बघते, ग्रेस केलीचे कपडे तिला आवडतात. पण कूपर त्या मित्राच्या फाटकाशी आला की ती उठते आणि चहा टाकायला आत जाते. मी तिला थांब म्हणत नाही.