दोन पराभव आणि मधले तीन दिवस

इतिहास म्हणजे लढायांची सनावळी, ही आम्हां शिक्षकांची समजूत मुलांनीही उचलली आहे. मग यंदा मीही एका लढाईच्या तारखा घेऊन बसलो आहे : २५ ते २९ ऑगस्ट २०२१, स्थळ टोकियो.

भाविनाबेन पटेल मेहसाणा जिल्ह्यातल्या सुंढिया गावच्या. वडिलांचे लहानसे दुकान. वर्षाच्या असतानाच पोलिओने पाय गेले. संगणक शिकायला त्या अहमदाबादच्या अंधजन मंडळात आल्या, आणि तिथे टेबलटेनिसची बॅट हाती आली ती सुटलीच नाही.

हा खेळ अपंगांसाठी मागाहून सोयीने बसवला असेल, असे वाटते ना? प्रकार उलटा आहे. १९६० साली रोमला भरलेल्या पहिल्या पॅरालिंपिकपासून तो तिथे आहे. धडधाकटांच्या ऑलिंपिकमध्ये आला १९८८ साली! आपले मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले जवान, १९६८ साली तेल अवीवला टेबलटेनिसच खेळले. पोहण्यातले सुवर्णपदक त्यांना पुढे १९७२ साली मिळाले.

टेबल तेच, जाळी तीच. एकेरीत सर्व्हिस मात्र समोरच्या कडेनेच बाहेर पडावी लागते. बाजूने निसटली तर ती पुन्हा करायची. नाहीतर खुर्चीतल्या माणसाचा हात पोचणार कसा? एकदा खेळ सुरू झाला की ती दयामाया संपली.

२५ तारखेला चीनच्या झोऊ यिंगने भाविनाबेनना सरळ तीन डावांत हरवले. पहिल्याच सामन्यात! दुसऱ्या दिवशी ब्रिटनच्या मेगन शॅकलटनला त्यांनी नमवले नसते, तर सामान बांधायचे होते. २७ ला ब्राझीलची प्रतिस्पर्धी गेली, आणि मग रिओची सुवर्णविजेती, सर्बियाची बोरिस्लावा पेरिच-रांकोविच, तीही एकही डाव न देता. २८ ला चीनचीच झांग मियाओ : ७-११, ११-७, ११-४, ९-११, ११-८. पाचव्या डावाचे ते आकडे मी दोनदा वाचले.

अंतिम सामन्यात समोर पुन्हा झोऊ यिंग. पुन्हा सरळ तीन डाव. पॅरालिंपिकमधले भारताचे टेबलटेनिसचे पहिले पदक रुपेरी ठरले.

२०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भाविनाबेननी सुवर्ण मिळवले. तिथे चीन नसतो, हेही सांगितले पाहिजे. २०२४ साली पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीत झोऊ यिंगशीच गाठ पडली. पहिला डाव १२-१४ असा निसटला, दुसरा ९-११. तिसरा मात्र भाविनाबेननी ११-८ असा काढून घेतला. सामना चौथ्यात गेला.