वाशिमचे तलाव : मानवनिर्मित पाणथळांचा इतिहास

वाशिम जिल्हा बेसाल्टच्या पठारावर, दोन समुद्रांकडे जाणाऱ्या पाण्याच्या दुभाजकावर वसलेला आहे. येथे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेस पूर्णेला मिळून तापीमार्गे अरबी समुद्राकडे जाते, तर पैनगंगा आणि तिच्या खोऱ्यातील अडाण व अरुणावती या नद्यांचे पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरास पोहोचते. गोदावरीच्या मुखाशी असलेले कोरिंगाचे खारफुटी वन ज्या गाळावर उभे आहे, त्याचा काही अंश अशाच दूरच्या उपनद्यांनी वाहून नेलेला असतो. माथ्यावरच्या या उतारांवर पाणी फार काळ थांबत नाही. त्यामुळे पाणथळ, म्हणजे पाणी साचून राहिल्याने जिथली माती, वनस्पती व प्राणिजीवन विशिष्ट स्वरूप धारण करते अशी जागा, येथे निसर्गतः विरळाच आढळते. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर उल्काघाताने निर्माण झाले आहे. वाशिमची पाणथळे मात्र मुख्यतः माणसाने पाणी अडवल्यामुळे घडलेली आहेत.

या परंपरेचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा वाशिमजवळील हिस्से बोराळा येथील शिलालेखात मिळतो. वाशिम, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती, आणि त्या शाखेतील राजा देवसेन याच्या काळात स्वामिल्लदेव नावाच्या त्याच्या अधिकाऱ्याने ‘सुदर्शन’ नावाचे तळे निर्माण केल्याची नोंद या लेखात आहे. वाकाटकांचे बहुतेक लेख केवळ राज्यवर्षांत कालनिर्देश करतात. येथे मात्र शक 380, म्हणजे इ.स. 457-58, हे वर्ष स्पष्ट दिलेले असल्याने संपूर्ण वंशाच्या कालगणनेस त्याचा आधार मिळतो. सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी मौर्यकाळी बांधलेल्या सुदर्शन तळ्याचा फुटलेला बांध स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्यांनी याच दशकात दुरुस्त केला होता, हे लक्षात घेता विदर्भातील तळ्याला तेच नाव मिळणे हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

पुढील काळातील जलाशयांचे स्वरूप निराळे आहे. वाशिमचे पद्मतीर्थ आणि कारंजा येथील ऋषी तलाव यांच्याशी पुराणकथा जोडल्या गेल्या आहेत, तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भवानी काळू यांनी बांधलेल्या बालाजी मंदिराजवळ देव तलाव आहे. चिरेबंदी घाट आणि पायऱ्या असलेल्या तीर्थकुंडाला उथळ काठ फारसा नसतो. याउलट एकबुर्जी किंवा अडाण यांसारख्या आधुनिक प्रकल्पांत पाणी जमिनीच्या सौम्य चढावर पसरते, पावसाळ्यानंतर ते हळूहळू मागे सरकते, आणि उघड्या पडलेल्या ओलसर जमिनीवर शेतकरी गाळपेर, म्हणजे साचलेल्या गाळातील ओलाव्यावर येणारे पीक, घेतात. त्याच चिखलात तुतारी, शेकाट्या यांसारखे पाणकाठचे पक्षी किडे व गोगलगायी टिपतात. पाणथळाचे जैविक मोल पाण्याच्या खोलीपेक्षा या सरकत्या काठावर अधिक अवलंबून असते, आणि म्हणूनच काठ दगडी भिंतीने बांधून काढणारे सुशोभीकरण परिसंस्थेच्या दृष्टीने तोट्याचे ठरते.

मात्र कायद्याच्या व्याख्येत या तलावांना पुरेसे स्थान नाही. 1971 साली इराणमधील रामसर येथे झालेल्या आणि भारताने 1982 मध्ये स्वीकारलेल्या करारात नैसर्गिक व कृत्रिम अशा दोन्ही पाणथळांचा समावेश होतो. परंतु 2017 च्या पाणथळ संवर्धन व व्यवस्थापन नियमांत पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यसंवर्धन अशा हेतूंनी खास बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून 2020 साली मान्यता मिळालेले नांदूर मधमेश्वर हेही गोदावरीवरील बंधाऱ्यामुळेच अस्तित्वात आले, यावरून ही विभागणी किती कृत्रिम आहे हे ध्यानात येते. ज्या जिल्ह्यात तळे बांधल्याची लेखी नोंदच दीड हजार वर्षांहून जुनी आहे, तेथे पाणी कोणी आणि कशासाठी अडवले यावर संरक्षण ठरवणे अशास्त्रीय आहे. काठावर आज काय जगते, हाच निकष असावयास हवा.