पन्हाळ्याच्या छावणीतला इंग्रज वकील

सर विल्यम नॉरिसची वकिलात का फसली, याचे ठरीव उत्तर असे : माणूस मानी होता, मोगली दरबाराची रीत त्याला पाळता आली नाही. मानीपणाबद्दल वाद नाही. ब्रह्मपुरीला वजीर असदखानाच्या भेटीस आपण नगारे-कर्णे वाजवतच येऊ, असा हट्ट त्याने धरला. वजिराने तो मानला नाही आणि नॉरिस भेट न घेताच पुढे निघाला. ते त्याला भोवलेही. पण अपयशाचे मूळ मला समुद्रात दिसते.

इंग्लंडच्या पार्लमेंटने १६९८ मध्ये नव्या ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. जुनी कंपनी हटायला तयार नव्हती. तेव्हा लिव्हरपूलचा खासदार नॉरिस याला तिसऱ्या विल्यम राजाचा वकील म्हणून, नव्या कंपनीच्या खर्चाने, औरंगजेबाकडे धाडण्यात आले. तो मच्छलीपट्टणला उतरला आणि तिथेच जवळजवळ वर्षभर अडकला. जानेवारी १७०१ मध्ये सुरतेहून निघून एप्रिलमध्ये पन्हाळ्याखाली पोचला. राजाराम महाराजांना जाऊन वर्ष झाले होते, ताराबाई लढत होत्या आणि ८२ वर्षांचा बादशहा जातीने वेढ्यावर बसला होता. २८ एप्रिलला मुलाखत झाली. गाड्यांवर पितळी तोफा, अरबी घोडे, कापड, काचेचे सामान अशी मिरवणूक मराठी मुलखातल्या त्या तळातून गेली. मागणे एकच : व्यापाराची फर्माने. नंतर महिनाभरात किल्लेदाराने पैसे घेऊन पन्हाळा सोडला.

आता समुद्राकडे येऊ. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केहून परतणारे बादशाही जहाज ‘गंज-इ-सवाई’ लुटले, यात्रेकरूंचे अनन्वित हाल केले. मोगलांच्या नजरेत चाचे आणि कंपनी एकाच टोपीचे लोक ठरले. पुढे सुरतेच्या सुभेदाराने इंग्रज, डच आणि फ्रेंच या तिघांकडून समुद्ररक्षणाचे मुचलके लिहून घेतले.

बादशहाला अशी हमी परक्यांकडे का मागावी लागली, हे खारदांड्याच्या किनाऱ्यावरून चांगले उमगते. वांद्रे-दांड्यासह सगळी साष्टी तेव्हा पोर्तुगीजांची होती. माहीमची खाडी ओलांडली की इंग्रज. दक्षिणेला कुलाब्याला मराठ्यांचे आरमार, त्याच्याही खाली जंजिऱ्याला सिद्दी. या पट्ट्यात मोगलांचा हात म्हणजे काय तो सिद्दी. त्याने १६८९ मध्ये मुंबईवर उतरून माझगाव-माहीम घेतले, इंग्रजांना बादशहाची माफी मागून दीड लाख रुपये दंड भरायला लावला. बंदरातला शत्रू नमवायला सिद्दी पुरेसा होता. भर समुद्रात यात्रेची जहाजे सांभाळण्याइतके बळ मात्र मोगलांकडे नव्हते. दख्खनेतले गड एकेक करून घेणाऱ्या सत्तेची ही उणीव आपल्या इतिहासलेखनात फार कमी बोलली जाते, याची मला खंत वाटते.

साहजिकच छावणीत नॉरिसपुढे घोळून घोळून एकच अट आली : चाच्यांपासून समुद्र राखण्याचा मुचलका लिहून दे. ही गाठ त्याच्याच पक्षाने मारली होती. नव्या कंपनीचा सुरतेचा अध्यक्ष सर निकोलस वेट याने जुन्या कंपनीला चाचे ठरवण्याच्या ईर्ष्येने, आम्ही समुद्र निर्धोक करू, असे बादशहाला आधीच कळवून टाकले होते. नॉरिसला ते कबूल करता येईना. मुचलका लिहिला की पुढच्या प्रत्येक लुटीची भरपाई कंपनीच्या बोकांडी बसणार, आणि तेवढी गलबते ना त्याच्याकडे होती ना त्याच्या राजाला इकडे पाठवायची होती. या मुद्द्यावर त्याने दाखवलेला ताठा मला मुत्सद्देगिरीचाच वाटतो. त्याच्या जागी कितीही नम्र माणूस असता तरी हा पेच सुटला नसता.

नोव्हेंबर १७०१ मध्ये तो रीतसर रुखसत न घेता छावणीतून निघाला. बुऱ्हाणपूरकडे त्याला अडवून ठेवले गेले. अखेर राजासाठी बादशहाचे पत्र आणि तलवार घेऊन तो सुरतेला पोचला. फर्मान मिळालेच नाही. ऑक्टोबर १७०२ मध्ये, मायदेशी परततानाच, तो जहाजावर वारला. त्याच वर्षी लंडनमध्ये दोन्ही कंपन्यांनी एकत्र येण्याचा करार केला होता.