मुंबईतले विद्येचे पुनरुज्जीवन

वर्सोव्याच्या धक्क्यावरून होडीने खाडी ओलांडली की पाच-दहा मिनिटांत माणूस मढला उतरतो. कोळीवाडा, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या रांगा आणि पुढे समुद्राच्या तोंडाशी पोर्तुगीजांनी बांधलेला जुना किल्ला. इंग्रजांच्या कागदपत्रांत त्याला वर्सोव्याचा किल्ला असे नाव आहे. वर्गात युरोपातील विद्येच्या पुनरुज्जीवनाचा पाठ सुरू झाला की हा किल्ला माझ्या डोळ्यांसमोर येतो. मुले फ्लॉरेन्स, लिओनार्दो, कोपर्निकस ही नावे वहीत उतरवून घेत असतात आणि मग एखादा हटकून विचारतोच, "सर, हे सगळं चाललं होतं तेव्हा आपल्याकडे काय होतं?"

श्रोतेहो, याचे उत्तर जरा चमत्कारिक आहे. ते सगळे आपल्या किनाऱ्याला लागलेले होते.

कोपर्निकसचा ग्रंथ छापून निघाला १५४३ साली. त्याच्या नऊ वर्षे आधी, १५३४ मध्ये, वसई, साष्टी आणि मुंबई गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांच्या हाती आली होती. १५५६ साली गोव्यात छापखाना उतरला. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे आणि मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. इथल्या वनस्पती, मसाले, आंबे, पटकीचा रोग यांची त्याने बारकाईने पाहणी केली. जुन्या ग्रीक आचार्यांनी काय लिहिले आहे यापेक्षा मी डोळ्यांनी काय पाहिले ते सांगतो, अशी त्याची वृत्ती होती. युरोपात जी नवी दृष्टी आली म्हणतात ती हीच. त्याचे पुस्तक १५६३ साली गोव्यात छापले गेले आणि चारच वर्षांत अँटवर्पला त्याचा लॅटिन संक्षेपही निघाला. म्हणजे बघा, मुंबईच्या आंब्याची माहिती अँटवर्पच्या पंडिताला मिळाली. वर्सोव्याच्या वैद्याला ती छापील रूपात कधीच मिळाली नाही. ओर्ताचे स्वतःचे पुढे काय झाले, तर त्याचे घराणे मूळचे ज्यू, म्हणून मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० साली, धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली.

बोरिवलीजवळ मंडपेश्वराची लेणी आहेत. फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी त्या शैव लेण्यात प्रार्थनामंदिर केले आणि वर मठ व विद्यालय उभारले. साष्टीत विद्यालय नव्हते असे कोणी म्हणू नये. होते, पण त्यात शिकवायचे काय हे आधीच ठरलेले होते. फादर स्टीफन्ससारखा एखादा माणूस मराठीवर जीव टाकतो, ख्रिस्तपुराणाच्या सुमारे अकरा हजार ओव्या रचतो, आणि १६१६ साली ते पुराण छापले जाते रोमन लिपीत! अस्सल मराठी ओवी, पण ज्याला बाळबोध अक्षरे येत होती त्याला ती वाचता येत नव्हती.

सगळा दोष परक्यांच्याच माथी मारून भागणार नाही. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, हा वर्सोव्याचा किल्लाही त्याच मोहिमेत मराठ्यांकडे आला. आपल्या लोकांनी चर्चच्या घंटा काढून देशावर नेल्या. मेणवलीला आणि भीमाशंकराला त्या अजून आहेत. विजयाची खूण म्हणून घंटा नेली. पण ती ओतणाऱ्याची कला, तोफेचा हिशेब, छापील पुस्तक यांतले काही नेण्याजोगे आहे असे कोणाला वाटले नाही. पुण्यात विद्वत्तेला तोटा नव्हता, दक्षिणाही वाटली जात होती. कुतूहल मात्र कमी पडले, असे मला वाटते.

मग जाग आली केव्हा? माझ्या मते, छापखाना आपल्या माणसाच्या हाती आला तेव्हा. मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकून स्वतःचा शिळाछाप घातला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. छापील कागद विटाळाचा, शाईत चरबी असते, अशी सनातनी मंडळींची तक्रार. तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली असे सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. नव्या यंत्राशी भांडण नाही आणि जुन्या माणसाशीही नाही. मध्ये तूप घालून दोघांचे जमवून दिले.

पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. कोकणातल्या पोंभुर्ल्याचा हा मुलगा तेव्हा विशीच्या आसपासचा होता. पानावर एका रकान्यात मराठी, शेजारी इंग्रजी. पुढे एल्फिन्स्टन विद्यालयात ते अध्यापक झाले, कुलाब्याच्या वेधशाळेचे काम त्यांनी पाहिले, १८४० साली 'दिग्दर्शन' मासिक काढून नकाशांसह भूगोल आणि सृष्टिविज्ञान मराठीत आणले. जुने शिलालेख व ताम्रपट ते वाचीत आणि त्यांवर एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात इंग्रजीतून लिहीत. आणि हाच गृहस्थ १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून काढतो! पुढच्याच वर्षी ते वारले. वय अवघे चौतीस.

इटलीत जे घडले त्याचे मर्मही याहून वेगळे नव्हते. तिथल्या विद्वानांनी अरबांकडून, ग्रीकांकडून घेतले, पण ती नवी नजर स्वतःच्या जुन्या पोथ्यांवर आणि मोडक्या देवळांवर फिरवली. आपल्याकडे डॉ. भाऊ दाजी लाड हे त्याचे ठसठशीत उदाहरण. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली निघाले, त्याच्या पहिल्या तुकडीतले हे विद्यार्थी. रोगी तपासून झाले की ते शिलालेखांचे ठसे घेऊन बसत. अजिंठ्याचे लेख त्यांनी वाचले. आर्यभटाच्या ग्रंथाची पोथी मिळवून १८६५ साली त्यांनी आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त यांच्या काळाविषयी निबंध प्रसिद्ध केला. सूर्यसिद्धान्त म्हणजे देववाणी, तिला काळ कसला, असे मानणाऱ्या समाजात 'हा ग्रंथ कोणी लिहिला व केव्हा?' एवढा प्रश्न विचारणे हीच मोठी क्रांती होती. तिकडे कुलाब्याच्या वेधशाळेत ऑर्लिबार साहेबांच्या हाताखाली तयार झालेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' देऊन पंचांगातला ग्रह आणि आकाशातला ग्रह यांची गाठ घालून दिली.

कलेची कथा तशीच, फक्त थोडी दुःखाची. सर जमशेटजी जीजीभाईंच्या लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा निघाली. तिथे आधी ग्रीक पुतळ्यांचे साचे समोर ठेवून रेखाटन शिकवीत. १८७२ पासून मात्र ग्रिफिथ्स साहेब विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. अंधारात, वटवाघळांच्या घाणीत बसून या मुलांनी भिंतींवरची चित्रे नकलली; पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलेच. तेरा वर्षांचे ते काम, त्यातला बराच भाग लंडनला पाठवला आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत पुष्कळ चित्रे खाक झाली. पण ज्या हातांनी ती काढली ते हात इथेच होते. पेस्तनजी पुढे नामांकित चित्रकार झाले, आणि १८९६च्या सुमारास याच शाळेतल्या गणपतराव म्हात्र्यांनी 'मंदिरपथगामिनी' घडवली. तिच्या अंगावर नेसलेले लुगडे आहे, ग्रीक वस्त्र नव्हे.

आता एका भांडणाविषयी सांगायला हवे, कारण आपल्या कॉलेजांतून ते अजून मिटलेले नाही. १८४७ साली मुंबईच्या शिक्षण मंडळात वाद झाला: शिक्षण कोणत्या भाषेतून? अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. विरुद्ध बाजूला कर्नल जर्व्हिस आणि त्यांच्याबरोबर जगन्नाथ शंकरशेट. गंमत पाहा, जर्व्हिस साहेबांनी त्याआधी गणिताची पुस्तके मराठीत करवून एंजिनियरिंगचे वर्ग मराठीतून चालवलेले होते. म्हणजे हा निव्वळ भाषाभिमान नव्हता, करून पाहिलेली गोष्ट होती. अखेर वरच्या शिक्षणात इंग्रजीच टिकली. विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८६२ साली रानडे, भांडारकर, मोडक, वागळे हे पहिले पदवीधर बाहेर पडले आणि त्यांची तेजस्विता कोणी नाकारणार नाही. पण बाळशास्त्र्यांच्या पानावरचे ते दोन रकाने हळूहळू एकमेकांपासून दुरावत गेले. सखोल संशोधन इंग्रजीत आणि सुबोध माहिती मराठीत अशी वाटणी झाली. भांडारकरांचा दख्खनचा प्राचीन इतिहास १८८४ साली आला, तोही इंग्रजीतच.

१८८२ साल मला या सबंध कालखंडाचे साल वाटते. त्या वर्षी भाऊ दाजींचे सहकारी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप उकलला. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक आणि काशाच्या बुद्धमूर्ती. तिथेच अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडाही सापडला. वसईच्या किल्ल्यापासून ही जागा दोन-तीन कोसांवर. पोर्तुगीज तिथे दोनशे वर्षे होते, त्यानंतर मराठे आले. त्या उंचवट्याखाली काय आहे हे पाहावे असे एवढ्या काळात कोणाला वाटले नव्हते.

आणि त्याच वर्षी महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे आपले निवेदन ठेवले. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून, आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या मुलांसाठी. विद्या वरून खाली झिरपेल ही आशा फोल आहे. निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी सांगितले. ज्यांनी १८४८ सालीच पुण्यात मुलींची शाळा घातली होती, त्यांनाच हे म्हणण्याचा अधिकार होता. टाउन हॉलच्या पायऱ्यांवरून जे दिसत नव्हते ते त्यांना दिसले.

मढच्या कोळ्याला भरतीची वेळ सांगायला कोणत्याही वेधशाळेची गरज नव्हती. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती, हा हिशेब त्याच्या तोंडात होता. कुलाब्याला साहेब आणि शास्त्री दुर्बिणीने चंद्र पाहत होते आणि खाडीपलीकडे हा त्याच चंद्रावर होडी हाकीत होता. दोघांची भेट झाली नाही. सक्तीच्या शिक्षणाला वाट करून देणारा विठ्ठलभाई पटेलांचा कायदा मुंबई इलाख्यात आला तो १९१८ साली, फुल्यांच्या निवेदनानंतर छत्तीस वर्षांनी. तोही नगरपालिकांपुरता. मढ तेव्हा साष्टीतले एक खेडे होते.