कॅमेऱ्यातली नावं कुठून आली?

कॅमेरा लॅपटॉपला जोडला की 'डीसीआयएम' नावाचं फोल्डर दिसतं. कंपनी कुठलीही असो, नाव तेच. १९९८ मध्ये जपानी उद्योगसंघटनेनं 'डीसीएफ' हा नियम ठरवला: फाइलचं नाव आठ अक्षरी, त्यात शेवटचे चार अंक. आठच का? तर कार्डावरची फाइल-पद्धत डॉसच्या काळातली. एका कॅमेऱ्यातला फोटो दुसऱ्यात किंवा प्रिंटरवर उघडावा, एवढाच हेतू. अभिलेखागारात हजारो पानं टिपणारा संशोधक कुणाच्या डोक्यातच नव्हता!

म्हणून ९९९९ नंतर मोजणी पुन्हा ०००१ वर येते. वेगवेगळ्या दफ्तरांतली दोन पानं एकाच नावाची होतात, आणि एका फोल्डरात ओतताना पहिलं पुसलं जाऊ शकतं. वेळेवरही विसंबू नका. एक्झिफमध्ये टाइम झोनची सोय २०१६ मध्ये आली. पुण्याच्या घड्याळाचा कॅमेरा ब्रिटिश लायब्ररीत नेलात तर दुपारची पानं संध्याकाळची दिसतील.

तेव्हा रुमाल सोडला की पहिला फोटो त्याच्या क्रमांकाचा घ्या, तळटिपेत तोच लागणार आहे. त्याच संध्याकाळी फोटो उतरवा, क्रमांकाचं फोल्डर करा, फाइलच्या नावातही तो घाला. दुसरी प्रत झाल्याशिवाय कार्ड मात्र पुसू नका.